अमेरिकेचं तिकीट वाचताना

मुंबईहून रात्री २ वाजता सुटणार, न्यूयॉर्कला सकाळी ८ वाजता पोहोचणार. तिकिटावर हे पाहून सहा तासांचा प्रवास समजू नका. दोन्ही वेळा त्या त्या शहरातल्या आहेत. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे उन्हाळ्यात हाच प्रवास साडेपंधरा तासांचा.

ताळा करायचा तर अंतर घ्या. मुंबई-न्यूयॉर्क साधारण १२,५०० किमी. त्याला विमानाच्या वेगाने, म्हणजे ताशी ८५० किमीने भागा, चढ-उताराचा अर्धा तास मिळवा. सव्वापंधरा तास येतात. परतताना वारा पाठीशी असतो, त्यामुळे वेळ थोडा कमी लागतो. मधे दुबईसारखा थांबा असेल तर हे गणित सोडा आणि तिकिटावरचा एकूण कालावधी बघा.

खरा घोळ तारखेत होतो. तिकिटावर १५ तारीख, रात्रीचे २ असतील, तर विमानतळावर १४ च्या रात्री ११ ला हजर व्हायचं. जळगावकडून निघणार असाल, तर जळगाव ते मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किमीच्या आसपास, सहा-सात तास धरा. अमळनेर, चोपड्याकडून येणाऱ्यांनी जळगाव गाठायचा वेळ वेगळा धरावा. त्यामुळे १४ ला सकाळचीच गाडी पकडा. दुपारच्या गाडीचा मोह नको, ती कसाऱ्याच्या घाटात रखडली तर विमान थांबत नाही. उतरायचं ठाण्याला किंवा दादरला. सीएसएमटीपर्यंत जाऊन सामानासकट उलटं यायची हौस कशाला?