'रिक्षा'चं कूळ कसं शोधायचं

आठवीच्या वर्गाला मी दरवर्षी शब्दांची कुळं शोधायला देते. एकदा एका मुलाने लिहून आणलं, "रिक्षा : रक्ष् धातूपासून. प्रवाशांचं रक्षण करते ती." त्याचे वडील रिक्षा चालवतात, त्यामुळे घरी सगळ्यांना ते फार आवडलं होतं. उत्तर चुकलं होतं, पण फसायला कारण होतं. शिक्षा, परीक्षा यांच्यासारखाच आपण हा शब्दही 'क्ष'ने लिहितो.

म्हणून आधी आपलं लेखन बाजूला ठेवा आणि शेजारी डोकावा. हिंदीत शिक्षा, परीक्षा 'क्ष'नेच लिहितात, पण 'रिक्शा' मात्र 'क्श'ने. इथे शंका यायला हवी. शिवाय 'रक्ष्'पासून 'रक्षा' होईल. 'रि' कुठून येणार?

मग शब्दाचं न झिजलेलं रूप शोधा. रोज तोंडात असलेले शब्द छाटले जातात. रिक्षा आपल्याकडे इंग्रजीतून आली, आणि तिथलं जुनं रूप आहे 'जिनरिकिशा'. हा शब्द जपानी.

आता खरी कसोटी, आणि इथे घाई करू नका. शब्द फोडा आणि प्रत्येक तुकडा त्याच भाषेतल्या दुसऱ्या शब्दांत सापडतो का ते पाहा. मी फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी लिहिते. जिन म्हणजे माणूस : जपानी माणूस तो 'निहोनजिन'. रिकी म्हणजे बळ : सुमोचा पैलवान तो 'रिकिशी'. शा म्हणजे गाडी : सायकल 'जितेन्शा', विजेवरची आगगाडी 'देन्शा'. तिन्ही तुकडे जुळले. माणसाच्या बळावर चालणारी गाडी! एकच तुकडा जुळला असता, तर मी मान्य केलं नसतं.

वस्तूचं वयही ताडून घ्या. टोकियोत या गाड्यांना सरकारी परवानगी मिळाली 1870 साली. शब्द त्याहून फार जुना असू शकत नाही.

छाटताना नेमका 'जिन' गळला, म्हणजे माणूसच गेला. माथेरानला मात्र तो गाडी ओढतच राहिला. ती प्रथा सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट 2025 मध्ये सांगावं लागलं. हे मी वर्गात सांगतेच. शब्दाचं कूळ सांगायचं तर ओढणाऱ्याला वगळून चालत नाही.

शेवटी, लोक काय म्हणतात ते विचारा. त्या मुलाने नागपूरच्या मामाला फोन केला. मामा म्हणाला, "आम्ही ऑटोच म्हणतो." दुसऱ्या दिवशी वहीत होतं : "ऑटो, ग्रीक, स्वतः. ऑटोरिक्षातला पुढचा तुकडा मामाकडे राहिला, मागचा आमच्या पुण्यात."