कामासाठी युरोपात जाताय? मग शहरही बघून या

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औषध कंपन्यांतली माणसं प्रदर्शनासाठी फ्रँकफर्ट, मिलान किंवा बार्सिलोनाला जातात. आपले हॉटेलवाले आणि टूर ऑपरेटर जानेवारीत माद्रिदच्या ‘फितूर’ या पर्यटन प्रदर्शनाला, मार्चमध्ये बर्लिनच्या आयटीबीला, नोव्हेंबरात लंडनच्या वर्ल्ड ट्रॅव्हल मार्केटला असतात. खाद्यपदार्थांच्या धंद्यातले कोलोनच्या अनुगाला जातात. परत आल्यावर घरच्यांनी विचारलं, काय काय बघितलं, तर बहुतेकांचं उत्तर एकच: विमानतळ, हॉटेल आणि प्रदर्शनाचा हॉल. एवढ्या लांब जाऊन असं रिकाम्या हातानं परत येणं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ते टाळता येतं. त्यासाठी रजा वाढवावी लागतेच असंही नाही.

पर्यटकाची यादी हातात घेऊन कामाच्या दौऱ्यात फिरू नका. एका शहरात एकच गोष्ट ठरवा, ती नीट बघा. बाकीचं पायी चालताना जेवढं दिसेल तेवढं दिसेल.

पायरी १: तिकीट काढण्याआधी साहेबांशी बोला

एक-दोन दिवस जास्त राहायचं असेल तर ते तिकीट काढण्याआधीच ठरवा. शनिवार-रविवार जोडून घेतला तर कंपनीला परतीचं तिकीट बऱ्याचदा महाग पडत नाही, कधी कधी स्वस्तच मिळतं. दोन्ही भाडी समोर ठेवून विचारा. वाढीव दिवसांचा हॉटेलखर्च आपला, हे आपणच आधी सांगावं. मग नाही म्हणायला कारण उरत नाही.

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो तो) कामाच्या कारणासाठी मिळालेला असला तरी त्याच्या मुदतीत फिरायला आडकाठी नसते. मात्र अर्जातल्या प्रवासक्रमात ते दिवस स्पष्ट लिहा आणि कंपनीच्या पत्रातही त्यांचा उल्लेख येऊ द्या. अनेक देशांत जाणार असाल तर जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. इथे एक गोष्ट बारकाईनं तपासा: कंपनीनं काढलेला विमा फक्त कामाच्या तारखांपुरता असेल, तर उरलेल्या दिवसांचा स्वतः काढा. लंडन आणि डब्लिन शेंगेनमध्ये येत नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे.

पायरी २: आठवड्याचा वार बघा

कुठलं संग्रहालय बघायचं हे ठरवण्याआधी ते कधी बंद असतं आणि कुठल्या वारी रात्री उशिरापर्यंत उघडं असतं हे बघा. कामावरच्या माणसासाठी उशिरापर्यंत उघडी असणारी संध्याकाळ सोन्यासारखी असते.

पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद, बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं. तिथलंच ओर्से सोमवारी बंद, गुरुवारी पावणेदहापर्यंत उघडं. फ्रँकफर्टचं श्टेडल आणि व्हिएन्नाचं कलासंग्रहालय गुरुवारी नऊपर्यंत. लंडनचं ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी साडेआठपर्यंत, आणि प्रवेश फुकट. वर्ल्ड ट्रॅव्हल मार्केट अलीकडे मंगळवार ते गुरुवार भरतं, म्हणजे परतीचं विमान शनिवारवर ढकललं की शुक्रवार पूर्ण तुमचा.

माद्रिदचा प्रादो सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ फुकट असतो. रेइना सोफियात मंगळवार सोडून इतर वारी सात ते नऊ फुकट सोडतात (रविवारचं वेळापत्रक वेगळं). पिकासोचं १९३७ सालचं गेर्निका तिथे आहे. प्रदर्शनातून मेट्रोनं निघून आठाच्या सुमाराला पोचलात तरी ते एक चित्र बघायला वेळ पुरतो, आणि त्या एका चित्रासाठी जावंच. माद्रिदकर रात्री नऊनंतरच जेवतात, त्यामुळे जेवणही चुकत नाही.

काही जागांचं तिकीट जाग्यावर मिळतच नाही असं समजून चाला. मिलानमधलं लिओनार्दोचं अखेरचं भोजन हे भित्तिचित्र बघायला प्रत्येक तुकडीला फक्त १५ मिनिटं मिळतात आणि तिकिटं खूप आधी संपतात. मीटिंगची तारीख पक्की झाली की त्याच दिवशी तिकिटाचं बघा. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया चर्चचंही वेळेचं तिकीट ऑनलाइन घ्या. बर्लिनमध्ये राइशटागचा, म्हणजे संसद भवनाचा, काचेचा घुमट फुकट आहे, रात्री उशिरापर्यंत उघडा असतो, पण आधी नाव नोंदवावं लागतं आणि पासपोर्ट जवळ लागतो. मार्चमधल्या आयटीबीच्या दिवसभराच्या धावपळीनंतर रात्री त्या घुमटात चढून शहर बघणं मला फार आवडतं.

पायरी ३: हॉटेल प्रदर्शनाशेजारी घेऊ नका

प्रदर्शनाच्या शेजारची हॉटेलं त्याच आठवड्यात सर्वांत महाग असतात आणि रात्री तिथे बघण्यासारखं काही नसतं. जुन्या शहराजवळ, थेट मेट्रो किंवा लोकलच्या रेषेवर राहा. फ्रँकफर्टमध्ये मुख्य स्टेशनसमोरची गल्लीबोळं रात्री आणि पहाटे नकोशी वाटतात, तिथे नशेबाजांचा वावर असतो. माइन नदीच्या बाजूला राहिलात तर बरं. कोलोनमध्ये मात्र स्टेशनजवळच राहा. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की समोर कॅथेड्रल, आणि पलीकडच्या काठावर प्रदर्शनाचं मैदान. मधला रेल्वे पूल पायी ओलांडता येतो.

पायरी ४: पहाट आपली आहे, ती वापरा

हा लेख लिहायचं खरं कारण ही पायरी आहे. उन्हाळ्यात मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो, हिवाळ्यात साडेचार. पोर्तुगाल आणि इंग्लंड आणखी एक तास मागे. गोव्यात सकाळचे सात वाजतात तेव्हा जूनमध्ये फ्रँकफर्टला पहाटेचे साडेतीन झालेले असतात. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस चार-साडेचारला टक्क जाग येते. लोक अंथरुणात पडून मोबाईल बघत बसतात. तसं करू नका. उठा, बूट घाला आणि बाहेर पडा.

एप्रिल ते सप्टेंबर या काळात हे अगदी जमतं. जूनमध्ये फ्रँकफर्टला सव्वापाचच्या सुमारास उजाडतं. नदीकाठानं चालत लोखंडी पादचारी पुलावर या, तिथून र‍्योमरबर्ग चौकात. दिवसा तिथे गर्दी असते, पहाटे झाडूवाले आणि पावाच्या दुकानाचा वास. चौकातली लाकडी चौकटींची घरं जुनी दिसतात, पण १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं शहर जळून गेलं होतं. ही घरं १९८० च्या दशकात परत उभी केली आणि शेजारची गल्ली तर २०१८ मध्ये पुरी झाली. हे ठाऊक असलं की त्या चौकाकडे बघण्याची नजर बदलते. परत येऊन अंघोळ आणि न्याहारी करून नऊच्या मीटिंगला आरामात पोचता येतं.

प्रार्थनेसाठी चर्च लवकर उघडतात, हे गोवेकरांना सांगायला नको. रोमचं सेंट पीटर्स सकाळी सातला उघडतं, कोलोनचं कॅथेड्रल सहाला. कोलोनचं बांधकाम १२४८ मध्ये सुरू झालं आणि पुरं झालं १८८० मध्ये. सकाळच्या शांततेत, खांबांखाली, मान वर करून दहा मिनिटं उभे राहा. मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या चढायच्या असतील तर त्या नंतर, आणि ऑफिसचे बूट घालून नाही. चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर मागे बसा, फोटो काढू नका. आपल्या देवळात आरती चालू असताना बाहेरून आलेल्यांनी जसं वागावं असं आपल्याला वाटतं, तसं.

हिवाळ्यात हा हिशेब उलटतो. माद्रिदला जानेवारीत सूर्य साडेआठनंतर उगवतो, लंडनला नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो. तेव्हा पहाट झोपेला द्या आणि पायरी २ मधल्या संध्याकाळी वापरा.

पायरी ५: संध्याकाळ छोटी ठेवा

रात्री आठला डोळे मिटू लागतात, कारण गोव्यात तेव्हा मध्यरात्र होत आलेली असते. म्हणून संध्याकाळी एकच ठिकाण. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी नऊ-साडेनऊला स्वयंपाकघर बंद होतं, आधी जेवून घ्या. रविवारी तिथली दुकानं बंद असतात, फक्त मोठ्या स्टेशनांतली उघडी सापडतात. सोमवार पाळणाऱ्यांनी शिवराक (शाकाहारी) जेवणाची सोय आधीच बघावी. पोर्तुगालमधल्या काल्दो व्हेर्द नावाच्या हिरव्या पाल्याच्या सूपमध्येही चोरिसाचा (डुकराच्या सॉसेजचा) काप असतो, विचारून घ्या.

तिथल्या सहकाऱ्याला विचारा, तुझ्या घरी पाहुणे आले की तू त्यांना कुठे नेतोस? यजमानाचं उत्तर कुठल्याही यादीपेक्षा चांगलं असतं, आणि अनेकदा तो स्वतःच सोबत येतो. त्याच्यासाठी आपले भाजलेले काजू न्या. पेढे, बर्फी, तूप नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

पैशांचं थोडक्यात: कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून निघण्याआधी चालू करा. मशीननं रुपये की युरो विचारलं तर युरोच निवडा, रुपयांचा दर नेहमी तोट्याचा असतो. लॅपटॉपची पिशवी मेट्रोत पुढे धरा.

पायरी ६: लिस्बनला गेलात तर

लिस्बनसाठी मी वेगळा सल्ला देते. गोव्याच्या माणसानं हे शहर इतरांसारखं बघू नये.

पहाटे आल्फामा या जुन्या वस्तीच्या चढावर जा. अठ्ठावीस नंबरची ट्राम दिवसा गच्च भरलेली असते आणि पाकीटमारही तिच्यातच असतात. सकाळी ती रिकामी मिळते, किंवा सरळ चाला. खालचा बायशा भाग काटकोनात आखलेला दिसेल. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपानंतर मंत्री मार्किस पोंबालच्या हुकमतीत तो नव्यानं वसवला गेला. पणजीच्या फोंतेन्यासमध्ये वाढलेल्यांना भिंतींचे रंग ओळखीचे वाटतील. आल्फामा त्या भूकंपातून बऱ्यापैकी वाचला, म्हणून तिथे अजून वाकड्यातिकड्या गल्ल्या आहेत.

लिस्बनच्याच बेलें भागात जेरोनिमुश मठ आहे (सोमवारी बंद). चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची समाधी. तो १५२४ मध्ये कोचीला वारला, अस्थी नंतर पोर्तुगालला नेल्या. समोर नदीकाठी दर्यावर्दींचं मोठं स्मारक आहे, ते १९६० मध्ये उभं राहिलं. म्हणजे हुकूमशहा सालाझारची राजवट साम्राज्याचा गौरव दगडात कोरत होती आणि पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्त झाला. तिथे उभं राहताना ही दोन सालं मनात असू द्या.

तेवढ्यावर थांबू नका. कॅथेड्रलशेजारी आल्जुब नावाचा जुना राजकीय तुरुंग आहे, २०१५ पासून तो हुकूमशाहीविरुद्धच्या लढ्याचं संग्रहालय आहे. आणि एक दिवस जादा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: सिंत्राचे राजवाडे पुढच्या वेळी, आधी पेनिश. लिस्बनहून बसनं साधारण दीड तास, समुद्रात घुसलेला किल्ला. गोवा मुक्तिलढ्याचे नेते टी. बी. कुन्हा यांना १९४६ नंतर याच किल्ल्यात डांबलं होतं. पणजीच्या आझाद मैदानावर ज्यांच्या अस्थी आहेत, तेच. २०२४ पासून पेनिशच्या या किल्ल्यात राष्ट्रीय संग्रहालय आहे. कोठड्या बघा, तटावरून येणारा वारा अनुभवा. आपल्या शाळेच्या पुस्तकात चार ओळींत संपणारी गोष्ट तिथे किती लांबची आणि एकाकी होती हे कळतं.

जूनमध्ये गेलात तर १२ तारखेची रात्र आल्फामात घालवा. सांत आंतोनच्या सणाच्या आदल्या रात्री गल्लीगल्लीत तारले भाजत असतात. पोर्तू शहरात काम असेल तर २३ ची रात्र, तिथला सांजांवचा सण.

पायरी ७: शेवटचा दिवस

विमान संध्याकाळचं असेल तर खोली सकाळीच सोडा आणि सामान हॉटेलच्या खालच्या काउंटरवर ठेवा. विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल तर मुख्य स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवलेलं बरं, तिथूनच पुढची लोकल मिळते. काही विकत घेतलं असेल आणि करपरतावा हवा असेल तर फॉर्म, पावत्या आणि तो माल हातात ठेवा. युरोपीय संघातून बाहेर पडताना शेवटच्या विमानतळावर, सामान आत देण्याआधी, कस्टम्सचा शिक्का लागतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे पासपोर्टच्या रांगेसाठी आणखी तासभर हाताशी ठेवा.