कॉम्प्युटर सुरू होत नाही? घाईत डेटा घालवणाऱ्या या चुका टाळा

‘पीसी चालू होत नाही’ या एकाच तक्रारीखाली तीन वेगळे बिघाड येतात. बटण दाबल्यावर काहीच हलत नसेल तर प्रश्न विजेचा. पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच राहते, तर बहुतेक वेळा रॅम, डिस्प्ले केबल किंवा ग्राफिक्स कार्ड. कंपनीचा लोगो येतो आणि त्यापुढे गाडी अडते, तर डिस्क किंवा विंडोज. पहिल्या दोन प्रकारांत डिस्कचा सहसा काही संबंध नसतो, तिच्यावरचा डेटा जसाच्या तसा असतो. तरीही लोक तिन्हींवर एकच इलाज करतात: विंडोज नव्याने टाकणं. सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

काळ्या स्क्रीनला घाबरून विंडोजच्या मागे लागणं

पंखे फिरत असतील तर आधी मॉनिटरची केबल पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्याच्याच पोर्टात हवी, मदरबोर्डच्या नाही. मग स्विच बंद करून पॉवर केबल काढा, पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. सगळ्या रॅम काढून सोनेरी पट्टी पेन्सिलच्या स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसा, खोडरबराचा कचरा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका. एकच रॅम लावा, ‘खट्’ आवाज येईपर्यंत दाबा, नाही जमलं तर स्लॉट बदला. डीडीआर ५ च्या बोर्डावर रॅम हलवल्यानंतर पहिल्यांदा स्क्रीन यायला काही मिनिटं लागू शकतात, तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका.

एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या युनिटवर, संशय असेल तर दुसरा लावून बघा, पण त्याचा डबा उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये केबल काढल्यावरही विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो.

तारीख चुकलेली दिसूनही सेलकडे दुर्लक्ष करणं

मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपला की बायोसची (पीसी सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) तारीख मागे जाते आणि काही बोर्डांवर डिस्कचा मोडही मूळ सेटिंगवर परततो. ज्या मोडमध्ये विंडोज टाकलं होतं तो बदलला की निळी स्क्रीन येते, ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. डिस्क धडधाकट असते. सेल बदला, बायोसमध्ये साटा मोड (हाच तो डिस्कचा मोड) एएचसीआय आणि रेड यांपैकी दुसरा निवडून बघा. किरकोळ सेलपायी अख्खी डिस्क फॉरमॅट करण्यासारखं खरंच दुसरं दुःख नाही.

आजारी डिस्कवर चेकडिस्क चालवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. चेकडिस्क हे विंडोजचं साधन फाइल सिस्टिम (फाइलींच्या नोंदींची व्यवस्था) सुसंगत करण्यासाठी आहे, तुमच्या फाइली वाचवण्यासाठी नाही. ‘आर’ स्विच दिला की ते प्रत्येक सेक्टर वाचायला लावतं, म्हणजे जी डिस्क दमली आहे तिलाच सगळ्यात जास्त राबवतं. वर नोंदींत बदलही करतं. ज्या फाइलींचा पत्ता लागत नाही त्यांचे तुकडे ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरमध्ये बिननावाचे पडतात. सुरू होतानाच विंडोज डिस्क तपासायला निघालं, तर कीबोर्डवरचं कुठलंही बटण दाबून ते टाळा.

हार्ड डिस्कमधून टक-टक किंवा खरवडल्याचा आवाज येत असेल तर वीज लगेच तोडा. डेटा वाचणारं डोकं आतल्या फिरत्या प्लेटपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, ते खाली टेकलं की प्रत्येक फेरीला थर खरवडला जातो. अशी डिस्क घरी उघडायची नाही. फ्रीजरमध्येही ठेवायची नाही, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. डेटा मोलाचा असेल तर ती सरळ क्लीन रूम (धूळविरहित खोली) असलेल्या डेटा रिकव्हरी लॅबकडे द्या.

आवाज नाही, फक्त मंद वाचते, अडकते, अशी डिस्क असेल तर आधी तिची प्रत काढा. दुसऱ्या मशीनवर सिस्टमरेस्क्यू हा लिनक्स पेनड्राइव्ह बनवा, त्यात डीडीरेस्क्यू हे डिस्कची प्रत काढणारं साधन असतं. जुन्या डिस्कएवढी किंवा मोठी रिकामी डिस्क जोडा. पहिल्या फेरीत ‘-एन’ (-n) पर्याय द्या, म्हणजे जे सहज वाचता येतं ते आधी सुरक्षित होतं. अडलेल्या जागा दुसऱ्या फेरीत ‘-आर३’ (-r3) ने. मॅप फाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) दिलीच पाहिजे, लाइट गेली तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे चालतं. मॅप फाइल मात्र वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा, पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सच्या रॅममधलं सगळं लाइट जाताच पुसलं जातं. मूळ आणि नवी डिस्क ओळखताना साइझवर विसंबू नका, सिरीयल नंबर जुळवा. दोघांची अदलाबदल झाली तर रिकाम्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर चढते. टेस्टडिस्क, फोटोरेक वगैरे फाइली परत मिळवणारी सॉफ्टवेअर सगळी त्या प्रतीवर चालवा.

डिस्क ठीक असताना घाईने रिसेट मारणं

फक्त विंडोज बिघडलं असेल तर फाइली काढणं सोपं आहे. दुसऱ्या पीसीवर ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर बनवा, त्यावरून बूट करा आणि पहिल्याच स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ-१० दाबा. काळ्या खिडकीत ‘नोटपॅड’ हे नाव इंग्रजीत टाइप करा. नोटपॅडच्या फाइल मेनूतून ओपन निवडा, खाली ‘सर्व फाइली’ करा. ती खिडकी आता एक्सप्लोररसारखी चालते. ‘यूजर्स’मधलं आपलं फोल्डर राइट क्लिकने कॉपी करा, बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करा. ड्राइव्हची अक्षरं इथे बदललेली असतात, सी म्हणजे तुमचं सी असेलच असं नाही. कॉपी होताना कुठलीही पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. थांबा, बंद करू नका.

डिस्क दुसऱ्या पीसीला जोडल्यावर ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारलं तर रद्द करा. एसएसडीच्या बाबतीत तर आणखी जपा: क्विक फॉरमॅटसोबत ट्रिमचा (जुना डेटा आता नको असं एसएसडीला कळवणारा) आदेश जातो, आणि त्यानंतर जुना डेटा परत मिळण्याची आशा जवळपास संपते. आणि रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर इन्स्टॉल करू नका, हरवलेल्या फाइलींची जागा तेच व्यापून टाकतं.

बिटलॉकरची की न शोधता बोर्ड बदलणं

विंडोज ११ च्या अनेक मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की डिस्क बिटलॉकरने आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे की शिवाय वाचता न येणारी होते, मालकाला पत्ताही नसतो. मग बोर्ड बदलला, टीपीएम (बोर्डावरची सुरक्षा चिप) पुसला किंवा डिस्क दुसऱ्या पीसीत लावली की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून लॉग-इन करून आधी उतरवून घ्या. की नसेल तर दुकानदार काय, लॅबही काही करू शकत नाही.

मशीन दुकानात देताना तोंडी सांगून भागत नाही. ‘डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ हे पावतीवर लिहून घ्या. डेटा अगदी महत्त्वाचा असेल तर डिस्क काढून घरी ठेवा आणि बाकीचा पीसी द्या.