प्रील्यूड म्हणजे काय, आणि पहिला प्रील्यूड कसा बसवायचा

डिक्शनरीत प्रील्यूड बघितलं की नांदी, प्रस्तावना असं मिळतं, चूक नाहीये ते, पण मग माणूस शोधत बसतो की नांदी झाली, नाटक कुठाय? शब्द लॅटिनमधून आलाय, अर्थ साधा, आधी वाजवणं. जुन्या काळी युरोपात ल्यूटवाले (ल्यूट म्हणजे गिटारसारखं जुनं तंतुवाद्य) मेन पीसच्या आधी मनानेच थोडं छेडायचे, तारा लागल्यात का बघायला, बोटं मोकळी करायला, आणि पुढे कुठल्या पट्टीत वाजणारे ते ऐकणाऱ्याच्या कानावर घालायला. जर्मन संगीतकार बाखने 1722 मध्ये 24 स्केलचे 24 प्रील्यूड एकत्र केले तेव्हा प्रत्येकामागे फ्यूग होता (एकच धून वेगवेगळे आवाज एकामागून एक उचलतात ती रचना), पियानोवाल्या शोपॅनने 1839 मध्ये 24 छापले ते नुसतेच, मागे काहीच नाही! त्यातला सातवा तर 16 बारचा (बार म्हणजे नोटेशनमधला तालाचा एक खण), मिनिटभरात संपतो. म्हणजे नाव नांदीचं राहिलं आणि नांदीच नाटक झाली. (काही जण याला सरळ आलाप म्हणतात, मला नाही पटत, इथे सगळं लिहिलेलं आणि मोजलेलं असतं.)

आता पियानोवर हातात काय घ्यायचं, तर बाखचा सी मेजरमधला पहिलाच. पेटी शिकलेल्यांना सोपं जाईल, पांढरी एक हा सा धरा. पहिला बार: सा ग प सां गं, मग परत प सां गं (टिंब असलेला सूर वरच्या सप्तकातला). हे आठ सूर, असंच दोनदा वाजवलं की एक बार. डाव्या हाताने सा आणि ग दाबून ठेवायचे, बाकीचं उजव्या हाताचं. दुसऱ्या बारला सा रे ध रें मं, तिसऱ्याला खालचा नि, मग रे प रें मं, चौथ्याला परत पहिलाच.

पण लगेच असं सुटं वाजवू नका, आधी प्रत्येक बारचे पाचही सूर एकदम दाबा, नुसते कॉर्ड, आणि चार मोजून पुढच्यावर जा. दोन-तीन दिवस एवढंच करा, कंटाळा येतो पण हात कुठून कुठे सरकतो ते पक्कं होतं आणि मग सुटं वाजवायला फार काही उरत नाही. मी हे न करता डायरेक्ट स्पीडला गेलो होतो, वर पेडल (पायाने दाबायचं, सूर लांबवणारं) दाबून धरलेलं, सगळा नुसता चिखल झाला. पेडल शेवटी घ्या, घेतलं तर कॉर्ड बदलला की सोडून परत दाबा.

24 व्या बारपासून डाव्या हाताचा खालचा सूर प वर येऊन बसतो तो आठ बार हलतच नाही, वरचं बदलत राहतं, तंबोऱ्यावर गाणं चाललंय असं. इथे आवाज हळूहळू वाढवा, बाखने जोर-स्पीड काहीच लिहिलेलं नाही त्यामुळे कोणी ओरडणार नाही. 32 व्याला खालचा सा येतो, पुढचे दोन बार आठ सुरांचा साचा मोडतात तेवढे वेगळे बसवा, मग शेवटचा कॉर्ड.

आणि नोटेशन घेताना बार मोजा, 35 पाहिजेत. 36 निघाले तर 22 आणि 23 च्या मध्ये कोणीतरी नंतर घुसवलेला एक बार आहे तो, बाखचा नाही, खोडून टाका. मागचा फ्यूग चार आवाजांचा आहे, तो एवढ्यात नको.