पर्यटनाच्या कामात जमीन जाणार असेल तर: नोटिशीपासून ताब्यापर्यंत

कास-बामणोलीकडचा रस्ता रुंद व्हायचा असो, शिवसागराच्या, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या, काठी बोटींचा धक्का असो की वाहनतळ, एकेका खातेदाराची जमीन जाते पाच-दहा गुंठे. पण रस्त्याकडेच्या त्याच गुंठ्यांवर चहाची टपरी असते, जेवणाची खानावळ असते, दोन खोल्या भाड्याने दिलेल्या असतात. मोबदल्याच्या कागदावर मात्र फक्त 'जिरायत' लिहून येतं. कोयना धरणाने उठलेल्या गावांचे पुनर्वसनाचे अर्ज पिढ्यान्‌पिढ्या चालले, हे जावळी-पाटणात कुणाला सांगायला नको. म्हणून कागद सुरुवातीलाच पक्का करा.

नोटीस आली की आधी कायदा बघा. २०१३ चा भूसंपादन कायदा लागू असेल तर कलम ११ ची अधिसूचना निघते आणि हरकतीसाठी ६० दिवस मिळतात. महामार्ग कायद्याखाली मुदत वेगळी असते, त्यामुळे नोटिशीवरचं कलम वाचल्याशिवाय दिवस मोजू नका. नवीन महाबळेश्वरसारख्या आराखड्यात गावाचं नाव आलं म्हणजे जमीन संपादित झाली, असं होत नाही. ते नियोजन आहे, संपादन वेगळं. या गोंधळातच दलाल 'सरकार घेणारच आहे' म्हणत स्वस्तात साठेखत (विक्रीचा आगाऊ करार) करून घेतात. २०१३ च्या कायद्याने पर्यटन प्रकल्प सार्वजनिक प्रयोजनात धरला आहे, पण खासगी हॉटेल पायाभूत सुविधांतून स्पष्टपणे वगळलं आहे. जमीन नेमकी कशासाठी हवी, हे लेखी मागा.

तोवर सातबारा, ८अ आणि फेरफार काढून ठेवा. वारसनोंद राहिली असेल तर आजच अर्ज द्या. भावकीत हिश्श्याचा वाद असला की रक्कम असे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा होते आणि निकाल लागेपर्यंत कुणाच्याच हाती लागत नाही. जमीन वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल तर नजराण्याचं, म्हणजे सरकारला द्यायच्या रकमेचं, काय, हे तहसील कार्यालयात विचारून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचा दिवस संयुक्त मोजणीचा. त्या दिवशी लिहिलं गेलं नाही ते पुढे मिळवताना वर्षं जातात. घरातली दोन जाणती माणसं हजर ठेवा, आदल्या दिवशीच शेतात फिरून यादी करा. फणस, आंबा, हिरडा, जांभूळ: प्रत्येक झाडाला चुन्याने नंबर घाला, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर टेपने मोजा, वय लिहा. विहिरीची खोली, व्यास, बांधकाम दगडी की सिमेंटचं. पाइपलाइनचे फूट, ठिबक, दगडी ताल, गोठा, टपरीचा ओटा. उभं पीक असेल तर ई-पीक पाहणीत नोंद झालेली हवी. स्ट्रॉबेरीचं रान उन्हाळ्यानंतर मोजलं तर कागदावर पडीकच दिसतं, म्हणून मागच्या हंगामाच्या विक्रीपट्ट्या जोडा. पंचनाम्यात काही राहिलं असेल तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात तसं लिहा, मगच सही करा आणि प्रत मागा. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या पंचनाम्यावर सही करू नका, समोरचा कितीही ओळखीचा असला तरी.

आता रक्कम. बाजारमूल्य काढताना रेडीरेकनरचा दर आणि मागच्या तीन वर्षांतल्या जवळपासच्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांपैकी जास्त किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी, यांतलं जे जास्त ते धरतात. म्हणून दुय्यम निबंधकाकडून इंडेक्स टू (नोंदलेल्या खरेदीखतांचे उतारे) काढा. आपल्याकडे खरेदी होते एका भावाने आणि कागदावर येतो दुसराच. त्याचा फटका इथे बसतो. समजा बाजारमूल्य ३ लाख आणि ग्रामीण गुणक २ धरला (तो १ ते २ मध्ये असतो, तुमच्या प्रकल्पाला किती ते विचारा). झाले ६ लाख. झाडं, विहीर, बांधकाम १ लाख. एकूण ७ लाख आणि त्यावर तेवढंच दिलासा द्रव्य (सक्तीने जमीन घेतल्याबद्दलची जादा रक्कम), म्हणजे १४ लाख. शिवाय बाजारमूल्यावर कायद्याने ठरलेल्या मुदतीचे सालाना १२ टक्के. ही मांडणी स्वतः कागदावर करून निवाड्याशी, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशाशी, ताडून बघा. झाडांची रक्कम दिलासा धरल्यानंतर मिळवली तर दिलासा कमी होतो, ही चूक ठरलेली. उरलेला तुकडा कसण्याजोगा राहत नसेल, वाट किंवा पाणी तुटत असेल, तर त्याचं नुकसान वेगळं मागा.

थेट खरेदीला संमती दिली तर राज्याच्या धोरणाप्रमाणे २५ टक्के जास्त मिळतात आणि पैसे लवकर येतात. पण खत झालं की वाढीव मोबदल्याची दाद राहत नाही. दर पटला असेल तरच जा.

जमीन नावावर नसलेल्यांकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं: वाटेकरी, शेतमजूर, कारागीर. संपादनाआधी तीन वर्षं तिथेच काम करून मुख्य पोट त्यावर चालत असेल तर तेही बाधित कुटुंब ठरतात. विधवा, परित्यक्ता आणि सज्ञान मुलगा-मुलगी यांचं कुटुंब वेगळं धरतात. नोकरी, एकरकमी ५ लाख किंवा २० वर्षं महिना किमान २,००० हा पर्याय, विस्थापितांना वर्षभर महिना ३,०००, वाहतुकीला ५०,०००, पुनर्वसन भत्ता ५०,०००, गोठ्याला किंवा छोट्या दुकानाला किमान २५,००० हे २०१३ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. पुरावा म्हणून ग्रामपंचायतीचा व्यवसाय दाखला, टपरीचं वीजबिल, बोटचालकाची सभासद पावती गोळा करा. सर्वेक्षणाच्या यादीचं ग्रामसभेत जाहीर वाचन करायला लावा. सुटलेली नावं तिथेच उठतात.

पैसे उचलताना पावतीवर 'हरकत राखून स्वीकारले' लिहा. हे तीन शब्द नसतील तर वाढीव मोबदल्यासाठी कलम ६४ चा अर्ज करता येत नाही. निवाड्यावेळी हजर असाल तर त्या अर्जाला निवाड्यापासून फक्त सहा आठवडे मिळतात. आणि पूर्ण रक्कम खात्यात दिसल्याशिवाय ताबा पावतीवर सही नाही.