पोस्टग्रेस वारंवार मरत होतं, माझा अनुभव

नागपूरच्या कळमन्यातल्या आमच्या अडतीचा हिशोब डॉकरमधल्या पोस्टग्रेसवर चालतो. पोस्टग्रेस म्हणजे डेटाबेस, अन् डॉकर तो कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवतो. महिनाअखेरचा रिपोर्ट लावला की कंटेनर धाडकन बंद. वाटलं उन्हानं मशीन तापली, कूलर तिच्याकडे फिरवला, काही फरक नाही. डॉकरच्या इन्स्पेक्ट कमांडनं पाहतो तर एक्झिट कोड १३७ (जबरीनं बंद केला) अन् ओओएमकिल्ड ट्रू (मेमरी संपली म्हणून मारला), म्हणजे कर्नलनंच, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानंच, मारला ना भाऊ! कंटेनरची मेमरी लिमिट मीच १ जीबी टाकलेली अन् वर्क मेम, म्हणजे डेटा क्रमानं लावायला (सॉर्टला) मिळणारी मेमरी, २५६ एमबी. ती प्रत्येक सॉर्टला वेगळी लागते हे कोणाला माहीत. मग लिमिट ४ जीबी, शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेस डेटा हाताशी ठेवते ती मेमरी) १ जीबी, वर्क मेम १६ एमबी केलं, कंटेनर सीपीयूच्या २ कोअरवर बांधला, नाहीतर रिपोर्टपायी बिलिंग अडकायचं. तरी शेअर्ड मेमरीची (पोस्टग्रेसच्या प्रोसेस मिळून वापरतात तिची) एरर! आपण सांगितलं नाही तर डॉकर ती ६४ एमबीच देतो, वाढवायला कंटेनर नव्यानं बनवावा लागला. आता चालू आहे.