सॉफ्ट टिश्यूच्या गाठीची एफएनएसी: नव्या रेसिडेंटसाठी

एफएनएसी म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून स्लाइडवर तपासणं. थायरॉईड आणि लिम्फ नोडला हात लवकर बसतो, सॉफ्ट टिश्यूची (स्नायू, चरबी, नसा अशा मऊ ऊतींची) गाठ मात्र बराच काळ दमवते. इथे निरुपद्रवी गाठी भयानक दिसतात आणि काही सार्कोमा (मऊ ऊतींचे कॅन्सर) अगदी सोज्वळ. म्हणून नुसत्या स्लाइडवर निदान करू नका. वय, जागा, खोली, आकार आणि गाठ किती दिवसांची, हे स्वतः विचारून फॉर्मवर लिहा.

५ सेंमीपेक्षा मोठी, फॅशियाखालची (स्नायूंवरच्या पडद्याखालची), वाढत चाललेली गाठ सार्कोमा असू शकते असंच धरून चाला. एमआरआय आधी होऊ द्या, सुईने झालेल्या रक्तस्रावामुळे ती वाचणं अवघड होतं. सर्जन छेद कुठे घेणार हे विचारून सुई त्याच रेषेत घाला. ठोके लागत असतील तर सुई नकोच.

२२ ते २५ गेजची (आकडा मोठा तितकी बारीक) सुई आणि १० मिलीची सिरिंज पुरते. गाठ दोन बोटांत घट्ट धरा, सुई आत गेल्यावरच सक्शन द्या, दिशा बदलत मागेपुढे करा. सक्शन सोडून मगच सुई बाहेर. नाहीतर माल सिरिंजच्या नळीत जातो आणि स्लाइड कोरडी राहते. मोठ्या गाठीच्या मध्यभागी बहुधा मृत पेशीच मिळतात, कडेकडून घ्या. रक्तच येत असेल तर २५ गेजने, सक्शनशिवाय. सुई लागताच कळ हातापायात खाली गेली तर श्वानोमा (नसेच्या आवरणाची गाठ) आठवा आणि तिथेच थांबा.

काही स्मिअर (स्लाइडवर पसरलेला माल) हवेत वाळवून गिम्सा स्टेनसाठी ठेवा, काही पॅप स्टेनसाठी ताबडतोब ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. अल्कोहोलमध्ये टाकायला उशीर झाला की न्यूक्लियस फुगतात आणि तपशील पुसला जातो. मिक्सॉइड (पेशींमधला चिकट, जेलीसारखा) पदार्थ गिम्सावर गडद जांभळट-गुलाबी उठून दिसतो, पॅपवर सहज निसटतो. लायपोमाची (चरबीच्या साध्या गाठीची) स्लाइड तेलकट, वाळता वाळत नाही. तिची चरबी अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. एका सुईचा माल सेल ब्लॉकसाठी (पेशी मेणात बसवून काप घेण्यासाठी) राखा. लहान गोल पेशींच्या ट्यूमरला त्याशिवाय नाव देऊ नये. त्यावर पेशींतली प्रथिनं ओळखणारे मार्कर लावता येतात. सीडी९९ हा मार्कर पॉझिटिव्ह आला म्हणून लगेच युइंग सार्कोमा म्हणू नका, लिम्फोब्लास्टिक लिम्फोमातही तो येतो, टीडीटी हा मार्करही लावा. डेस्मिन, मायोजेनिन हे मार्कर रॅब्डोमायोसार्कोमासाठी (स्नायूपेशींचा कॅन्सर).

सर्वांत जास्त फसवते ती नोड्युलर फॅसायटिस, ही निरुपद्रवी गाठ. तरुण माणसाच्या कोपर ते मनगटामधल्या हातावर काही आठवड्यांत वाढलेली, सहसा ३ सेंमीच्या आतली गाठ. भरगच्च स्पिंडल (चातीसारख्या लांबट) पेशी, भरपूर मायटोसिस (पेशीविभाजन), पण विचित्र आकाराचे मायटोसिस नाहीत. याला सार्कोमा म्हटलं की रुग्णाचं नाहक मोठं ऑपरेशन होतं. पाठीवर पू आला तर झेडएन स्टेन (क्षयाचे जंतू दाखवणारा) लावाच, कोल्ड अॅब्सेस (क्षयाचा गळू) आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. स्वच्छ पाणी आलं तर सिस्टिसर्कसचे (फीतकृमीच्या अळीचे) तुकडे शोधा.

रिपोर्टमध्ये आधी गट लिहा: मिक्सॉइड, स्पिंडल, गोल पेशी, प्लिओमॉर्फिक (नाना आकारांच्या पेशींचा) की चरबीचा. ‘लो-ग्रेड स्पिंडल सेल लेझन, कोअर बायोप्सी (जाड सुईने तुकडा काढणं) करावी’ एवढा रिपोर्ट देण्यात काहीही कमीपणा नाही. सर्जनला तो चुकीच्या नेमक्या नावापेक्षा जास्त कामाचा असतो.